मामाचं कडवं

गोदू गेल्याचं मला दिघीच्या जेट्टीवर कळलं. बोर्ली पंचतनला फरशा उतरवून मी रिकामा टेम्पो घेऊन परत निघालो होतो. बोटीसाठी माझ्यापुढे चार गाड्या होत्या. तेवढ्यात मुलाचा, प्रज्योतचा फोन आला. "बाबा, आई गेली," म्हणाला. सकाळी दवाखान्यात ती पेज प्यायली होती, नीट बोलली होती, म्हणून तर मी कामाला निघालो. मी गाडी बोटीत चढवली आणि पलीकडे आगरदांड्याला उतरवली.

ते फाल्गुनात.

गोदू धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवलारणीशिवाय हळद लागत नाही. लग्नातल्या एकेका विधीची गाणी, म्हणजे धवले, ती म्हणायची आणि मागे बसलेल्या दोघी-तिघी शेवटचे शब्द ओढायच्या. तिला लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. जाण्याआधीच्या दिवाळीत आमची सून अमिषा उलव्याहून चांगला माईक घेऊन आली. पंखे बंद करून तिने चार दिवसांत सासूचे बावीस धवले भरून घेतले आणि इंटरनेटवर आमच्या खात्यात ठेवले. हॉलमधल्या स्पीकरवर ते लावता येतात.

गोदूच्या बहिणीची मुलगी सोनल तिच्या मागे बसून ओढायची. शेजारच्या केसरने आपल्या दिपालीच्या लग्नाला तिलाच धवलारीण म्हणून सांगितलं. लग्न मार्गशीर्षात. ओढायच्या शेवटच्या शब्दांपलीकडे सोनलला काही येत नव्हतं. श्रावणापासून ती रोज दुपारी वही घेऊन आमच्याकडे यायला लागली.

पण गाणं दोन ओळी चालायचं आणि थांबायचं. परत सुरू झालं की मडक्यातून आल्यासारखं वाटायचं. सोनल म्हणायची, "काका, मावशी 'साळी' म्हणतेय की 'जाळी', कळत न्हाय." अमिषाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, नेट कमी पडलं की ॲप आपणहून आवाजाचा दर्जा उतरवतं." मोबाईलमध्ये उतरवून घेऊ म्हटलं, तर एकेक गाणं शंभर-शंभर एमबीचं. ते अर्ध्यात तुटायचं.

शेवटी जलीलभाईंना बोलावलं. ते बारा वर्षं मस्कतला वायरिंगची कामं करून आले, आता गावातल्या इंटरनेटच्या तारा सांभाळतात.

"राऊटर कुठाय?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"पिठाच्या."

आमचा पहिला राऊटर खाऱ्या हवेने आठ महिन्यांत गेला होता. पिना हिरव्या पडल्या होत्या. म्हणून गोदूने दुसरा पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकणाला भोक पाडून वायरी बाहेर काढल्या. तिचं बघून गल्लीत आणखी तिघांनी तसंच केलं.

जलीलभाई हसायला लागले. "या अल्लाह! हिरामणभाई, सिग्नलला कैद केलंय तुम्ही. पत्रा सगळं आतच अडवतो. वर मध्ये ही चिऱ्याची हातभर भिंत."

"हवा लागते ना त्याला."

"हवा तर तुम्हाला पण लागते. तुम्ही काय पेटीत झोपता?"

त्यांनी राऊटर प्लॅस्टिकच्या डब्यात घातला, बाजूंना भोकं पाडली, बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकल्या आणि डबा लाकडी फळीवर ठेवला. स्पीकरला मात्र थेट वायर दिली, टीव्हीच्या केबलसाठी भिंतीला पाडलेल्या जुन्या भोकातून. "गाणं हवेतून कशाला आणायचं? वायरीला भिंत आडवी येत नाही," म्हणाले. ॲपमध्ये दर्जा आपोआपवर होता, तो सर्वांत वरचा केला.

दुसऱ्या दिवशी गोदूचा आवाज भरून आला. श्वास घेतलेला कळत होता. मांडीवर हाताने ताल धरला की बांगड्या वाजायच्या, त्याही ऐकू आल्या. सोनल भराभर लिहीत होती.

ठमाबाई ओटीवर येऊन उभी राहिली. तीस वर्षं गोदूच्या मागे बसलेली बाई.

"हिरामण, येडा झालास का रं? वरीस सरला न्हाय आनि घरात लग्नाचा धवला लावतोस?"

"सोनलला शिकायचाय."

"मंग खिडक्या तरी लाव." तिने स्वतःच खिडक्या लावल्या आणि खाली बसली.

तेलाचा धवला चालू होता. त्यात एका जागी नेहमी खरखर होऊन गाणं पुढे उडी मारायचं. आम्ही नेटला शिव्या द्यायचो. आज ती जागा आली. नेट तुटलं नाही. बाहेर टेम्पो मागे घेतल्याचा आवाज आला आणि मग माझाच आवाज. "गोदे, गेट उघड गो!"

गोदू थांबली. अमिषा हसली. गोदू म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मामाचा कडवा मागनं म्हनते." आणि तिने पुढचं कडवं धरलं.

सोनलने पेन खाली ठेवलं. "काका, मागून म्हटलंय का?"

आम्ही चार दिवस बावीसही धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. कुठेच नाही.

त्या कडव्यात नवरीच्या मामाला नाव घेऊन तेल लावायला बोलावतात. "दिपालीचा मामा आधीच फुगलेला," ठमाबाई म्हणाली. "नाव न्हाय घेतला तर जेवाया बसायचा न्हाय तो."

"तुम्हाला येत असेल ना, ठमाबाई?" सोनलने विचारलं.

"आमी मागच्या. आमाला शेवटचा शब्दच ठाव. पुढचा तिला म्हाईत." तरी ती डोळे मिटून बसली. पुटपुटत, अडखळत पहिली ओळ निघाली. बऱ्याच वेळाने शेवटची निघाली. मधल्या दोन येईनात.

"हॉर्न कशाला मारलास रं तवा?" ती मला म्हणाली. रागाने नाही.

"हॉर्न नाही, हाक मारली," मी म्हणालो. मग मी बाहेर जाऊन टेम्पोजवळ थोडा वेळ उभा राहिलो.

त्यानंतर मी आसपासच्या सहा गावांत जाऊन जुन्या धवलारणींना विचारलं. प्रत्येकीचं कडवं वेगळं. सोनल म्हणते, मावशीचं असेल तेच म्हणेन, दुसरीचं जोडणार नाही. मी तिला आग्रह केला नाही.

लग्नाला बारा दिवस आहेत. सोनलचे एकवीस धवले पाठ झालेत. तेलाच्या धवल्यातल्या मामाच्या कडव्याच्या मधल्या दोन ओळी अजून मिळालेल्या नाहीत.