वरच्या गावची बस

धाकटी पाठमोरी चालत होती आणि अख्खी बस तिच्या अंगावर येत होती. वरच्या गावाच्या तोंडाशी रस्ता असा काही मुरडला होता की एका दमात गाडी वळणं शक्यच नव्हतं. दोन्ही हात उंचावून ती ड्रायव्हरला खुणावत होती. येऊ द्या, येऊ द्या, आता डावीकडे घ्या. मागचं चाक कडेच्या खडीवर घसरलं, काही दगड गडगडत खाली गेले आणि बघायला जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"मॅडम, बाजूला व्हा. गाडी गेली तर महामंडळाची जाईल. तुम्ही गेलात तर चौकशी माझ्यामागे लागेल."

माणसं हसली. बस पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि कण्हत कुंथत वळून दवाखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत येऊन थांबली. टाळ्या वाजल्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक बाक. तिथून ताई हात पुसत बाहेर आली. तिनं बसच्या तापलेल्या पत्र्यावर तळवा टेकला आणि जरा वेळ तो तसाच ठेवला.

"आली एकदाची," ती म्हणाली.

ती गाडी नुसती चाचणीची होती. पण ती इथवर यायला जे काही करावं लागलं होतं, ते धाकटीचं तिलाच ठाऊक.

ताई तिची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिनं धाकटीला शिकवलं, शहरात पाठवलं आणि स्वतः नर्स म्हणून याच दवाखान्यात राहिली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सवड कुठे मिळाली?" गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. एकदा मात्र एका बाळंतिणीचं अडलं. गावात एकच जीप, तीही त्या दिवशी बाहेर गेलेली. चौघांनी तिला खाटेवर घेतलं आणि उताराला लागले. ताई तिचा हात धरून शेजारून चालत होती. अर्ध्या उतारावर तिनंच त्यांना खाट खाली ठेवायला सांगितली. आता घाईचं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ताईनं बसचा ध्यास घेतला. धाकटीला शहरात ग्रामीण वाहतूक समन्वयकाची जागा मिळाली तेव्हा अभिनंदन करायच्या आधी ताई म्हणाली, "मग आता आमची बस आण."

समन्वय हा शब्द धाकटीला तोवर आवडत असे. डोंगराकडे जाणाऱ्या गाड्या तशा कमी नव्हत्या. शाळेची बस मुलांना सोडून रिकामी परत यायची. रुग्णालयाची गाडी औषधं टाकून रिकामी जायची. महामंडळाची बस खालच्या गावापर्यंत येऊन तिथेच घोरत पडायची. या सगळ्यांची मोट बांधली तर वरच्या गावाला रोज बस मिळणार होती. पण शाळा खातं म्हणे, आमच्या गाडीत आजारी माणसं नकोत. महामंडळ म्हणे, डिझेल कुणाचं? खालच्या गावचं म्हणणं, गाडी आमच्याच गावात मुक्कामी राहिली पाहिजे, वर नेलीत तर रस्त्यात आडवे पडू. बैठकीत चहा तेवढा सगळे एकत्र प्यायचे.

एकेकाला गाठत, कुणाच्या हातापाया पडत तर कुणाला गोड बोलत तिनं सगळ्यांना रांगेत आणलं. मुक्काम खालच्या गावाला दिला, सकाळची पहिली फेरी वरच्या गावाला. अडून बसले ते एकटे आरोग्य खात्याचे साहेब. त्यांची गाडी आणि खर्चातला त्यांचा वाटा मिळाल्याशिवाय गणित जुळत नव्हतं. आणि एक दिवस त्यांनी स्वतःहून बोलावून घेतलं.

"आम्ही तयार आहोत," साहेब म्हणाले. त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. "फक्त एक आहे. बस सुरू झाली की वरच्या गावात दवाखाना चालवायला कारण उरत नाही. लोक इथे रुग्णालयात येऊ शकतील. इथे मला माणसं कमी पडतायत, तिथे एक अख्खी नर्स अडकून पडली आहे."

धाकटीनं बिस्कीट उचललं होतं. ते तिनं बशीत परत ठेवलं.

"ती माझी बहीण आहे."

"माहीत आहे ना. म्हणून तर तुम्हाला आधी सांगतोय. तिला इथे चांगली जागा देऊ." त्यांनी बशी पुन्हा पुढे केली. "गावात आत्ता बोलायची गरज नाही. उगाच बस अडकेल."

ती काहीच बोलली नाही. साहेबांनी ते होकारासारखं घेतलं आणि ती उठून बाहेर आली तेव्हा तिला स्वतःलाही ते होकारासारखंच वाटलं.

दर रविवारी ताईचा फोन यायचा. कुठवर आलं, कोण अडलंय, खालच्या गावचे ऐकले का, सगळं विचारून व्हायचं. बोलणं संपत आलं की ताई क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "आणखी काही?"

"नाही गं. आणखी काय असणार?"

"बरं. जेवत जा वेळेवर."

पुढच्या रविवारी सांगू, असं धाकटी दर रविवारी ठरवायची. मग वाटलं, चाचणी होऊ दे. चाचणी झाली, तेव्हा वाटलं, उद्घाटन होऊ दे.

उद्घाटनाला भाषणं झाली. साहेबांनी धाकटीच्या चिकाटीचं कौतुक केलं, खालच्या गावच्या पुढाऱ्यानं स्वतःच्या मोठेपणाचं. ताईनं म्हाताऱ्यांना दंडाला धरून पायरीवर चढवलं, एका बाईचं तान्हं पोर खिडकीतून आत दिलं. बस हलली तेव्हा ती लहान मुलीसारखी हात हलवत होती. आत बसलेल्या धाकटीला तिच्याकडे बघवेना. बसमध्ये चढलेल्यांची नावं विचारण्यात तिनं स्वतःला गुंतवून घेतलं.

महिना उलटायच्या आत दवाखाना बंद करायचा हुकूम आला.

गाव पेटून उठलं. सकाळी बस आहे आणि संध्याकाळी बस आहे, पण मधे कुणाला झटका आला तर काय बसची वाट बघायची? रात्री बाळंतपण आलं तर? माणसं दवाखान्यासमोर जमली, खात्याच्या नावानं ओरडली, आणि खातं लांब असल्यामुळे राग हळूहळू जवळच्या माणसाकडे वळला. ताईला शहरात मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली, हे कळल्यावर तर लोकांना सगळंच लख्ख दिसलं. बहिणीनं बहिणीची सोय लावली. एवढ्यासाठीच चालला होता बसचा आटापिटा. ज्या घरांतली पोरं तिनं जगात आणली, त्या घरांतल्या बायका पाणवठ्यावर तिला पाहून बोलणं थांबवू लागल्या.

हे धाकटीच्या कानावर आलं ते ड्रायव्हरकडून.

"मॅडम, तुमच्या ताईंबद्दल लोक वाटेल ते बोलतायत गाडीत," तो म्हणाला. "तुम्ही एकदा वर जाऊन सांगा ना, खरं काय ते."

"सांगते," ती म्हणाली, आणि गेली नाही.

गेली ती थेट ताईच्या निघायच्या दिवशी. घराचं दार उघडंच होतं. आत ताई जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. कुणीही मदतीला आलेलं नव्हतं.

"आलीस? तो दोरा दे जरा."

धाकटीनं दोरा दिला आणि समोर बसली. ताईनं गाठ मारली, दातांनी दोरा तोडला, दुसरं भांडं घेतलं.

"ताई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"साहेबांनी मला आधीच सांगितलं होतं. दवाखान्याचं. मी..." तिनं जमिनीवरचा वर्तमानपत्राचा कागद सरळ केला. "मला वाटलं, बस अडकेल."

ताईचे हात थांबले नाहीत. पातेलं गुंडाळून झालं, ते तिनं खोक्यात बसवलं, हलत नाही ना ते पाहिलं.

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनीच. तुला बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी ते इथे आले होते. बाहेर ओट्यावर बसले होते. म्हणाले, तुमची तयारी असेल तरच पुढे जातो. मी म्हटलं, बस येऊ द्या. दवाखाना लोक भांडून परत आणतील, भांडायला येतं त्यांना. बस एकदा हुकली की आमच्या जन्मात यायची नाही."

धाकटी पुढे सरकली.

"मग तू बोलली का नाहीस? लोक तुला काय काय म्हणतायत."

"लोकांचं काय घेऊन बसलीस." ताईनं पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "मीच साहेबांना म्हटलं होतं, तिला तुम्ही सांगा, म्हणजे ती मला सांगेल. मग दोघी मिळून गावाला सांगू, कुणाला वाईट वाटणार नाही. दर रविवारी फोन घेऊन बसायचे मी. आज सांगेल, आज सांगेल."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. ताई उठली, साडी झटकली, खोकं दाराशी सरकवलं. धाकटीनं दुसरं उचललं. दोघींनी मिळून सामान बसपर्यंत नेलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं खोकी मागच्या बाजूला लावून दिली.

दवाखान्याच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. ताईनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली. एकीनं पदर सावरला, दुसरी दुसरीकडे बघू लागली.

बस जवळजवळ रिकामी होती. ताई खिडकीशी बसली. धाकटी तिच्या मागोमाग आली, शेजारी बसायला वाकली, तर त्या जागेवर ताईची पिशवी होती. धाकटी थांबली. ताई खिडकीबाहेर बघत होती. पिशवी तिनं उचलली नाही.

धाकटी मागच्या बाकावर जाऊन बसली. तिथून तिला ताईच्या अंबाड्यातल्या पांढऱ्या बटा दिसत होत्या, आणि त्या इतक्या कधी झाल्या ते तिला आठवेना.

खालच्या गावात बस थांबली. एक म्हातारी दांड्याला धरून कशीबशी वर चढली आणि बसायला जागा शोधू लागली.

ताईनं लगेच पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या आजी," ती म्हणाली, "इथे बसा."