लॉरेल ओढ्यावरच्या दोन ओर्लीना

ही २०११ सालची गोष्ट. त्या वसंतात डोंगरातली खाण बंद पडली आणि माझा मुलगा डेल्मर घरी बसला. आम्हा लॉरेल ओढ्याकाठच्या लोकांना त्याचं नवल नव्हतं. खाण बंद पडली की माणसं ट्रकात सामान भरून ओहायोला जातात, कारखान्यात लागतात, आणि मग मयताला नाहीतर मे महिन्यात थडग्यांवर फुलं वाहायला तेवढी परत येतात. माझे दोन भाऊ असेच गेले. डेल्मरही बायकापोरांना घेऊन जाणार, हे मी मनाशी धरून चालले होते. मोठ्या घरात एकटी राहायची सवय कशी लावायची, याचाच विचार करत होते.

अडून बसली ती माझी सून शॉना. तिने जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला नाव घातलं. शिकणं कॉम्प्युटरवर, हातातलं काम तेवढं मधूनमधून कॉलेजात जाऊन.

"मी नर्स झाले की पगार इथेच मिळेल," ती म्हणाली. "मग ओहायोत कुणाचं काय पुरलंय?"

"आपल्या घरात मोबाइलला रेंज येत नाही," डेल्मर म्हणाला. "कॉलेज कुठून येणार?"

कॉलेज आलं ते गावच्या लायब्ररीच्या आवारात. तिथलं इंटरनेट बाहेर गाडीतही मिळायचं. शॉना मुलांना शाळेत सोडायची, लायब्ररीच्या भिंतीलगत गाडी लावायची आणि मांडीवर कॉम्प्युटर ठेवून शिकायची. लायब्ररीतली वांडा तिला काचेतून कॉफीचा कप दाखवायची. शॉनाने मान हलवली की बाहेर आणून द्यायची. आवारात तशा आणखी दोघीतिघी असायच्या. वांडा म्हणायची, "आत पुस्तकं धूळ खातात, आणि माझ्या पार्किंगमध्ये डॉक्टरी चाललीय."

सरावाला अंग लागायचं, ते माझं. शॉनाने मला अंथरुणात ठेवून चादर बदलली, केस धुतले, नाडी मोजली. बीपीचा पट्टा तर रोज दंडाला. डेल्मर म्हणायचा, "आई, तुझा हात एक दिवस गळून पडेल." मला मात्र बरं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला कोण एवढा हात लावतं?

पहिल्या मोठ्या परीक्षेला घरीच व्हिडिओ करून पाठवायचा होता: रोग्याकडे जायचं, बीपी घ्यायचं, सांगायचं. संधी तीन. तिन्ही गेल्या तर कॉलेज संपलं. आणि कॉलेज संपलं तर ओहायो, हे डेल्मरने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचा चुलतभाऊ तिकडे त्याच्यासाठी जागा धरून होता.

पहिला व्हिडिओ आम्ही स्वयंपाकघरात केला. डेल्मरने कॅमेरा धरला. शॉना आली, हात धुतले, माझ्या शेजारी बसली, घेवड्याची चौकशी केली आणि मग पट्टा काढला. सगळं कसं नीट. मला वाटलं, पास झालीच.

ती नापास झाली. तिच्या शिक्षिका मिसेस ओस्ट्रँडर शहरातल्या, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच भेटायच्या. त्यांनी कळवलं: रोग्याला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली नाही. बाकी कशालाही माफी आहे, याला नाही.

"मला नाव विचारायचं?" मी म्हणाले. "तुझं लग्न मी लावून दिलं. तुझी दोन्ही पोरं माझ्या हातावर झाली."

"तेच ना, मॅमॉ," शॉना म्हणाली. नातवंडं मला मॅमॉ, म्हणजे आजी, म्हणायची, म्हणून तीही. "माझी जीभच वळत नाही."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे नाव विचारतो तो कोर्टाचा माणूस. ओळखीच्याला नाव विचारणं म्हणजे तू माझी कोण, असं तोंडावर विचारणं. माझी सासू असल्या प्रश्नावरून एका जावयाशी मरेपर्यंत बोलली नव्हती.

दुसऱ्या वेळी शॉनाने पळवाट काढली. माझ्यासमोर उभी राहून कॅमेऱ्याला म्हणाली, "या माझ्या सासूबाई, ओर्लीना स्लोन," आणि माझी जन्मतारीखही स्वतःच सांगितली. पुन्हा नापास. मिसेस ओस्ट्रँडरनी लिहिलं होतं: तुम्हाला काय माहीत आहे ते नको, रोग्याने काय सांगितलं ते हवं. तिसरी परीक्षा त्या स्वतः कॅमेऱ्यावर थेट घेणार होत्या.

त्या दिवशी डेल्मरने माळ्यावरून खोकी काढली. सामानाची आहेत असं तो म्हणाला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मधल्या दिवसांत माझं औषध संपलं. डेल्मर गावातल्या दुकानातून घेऊन आला आणि जेवताना हसत सांगू लागला, "काउंटरला नवी पोरगी आहे. मला विचारते, आईची जन्मतारीख काय. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आईला माझ्या आईने कडेवर खेळवलंय, तू मला तारखा विचारतेस? लाल झाली आणि पुडकं हातात दिलं."

आम्ही सगळे हसलो. शॉनाही हसली, बऱ्याच दिवसांनी.

त्यानंतर काही दिवसांनी मी ओसरीवर शेंगा दोऱ्यात ओवत बसले होते. हिवाळ्यासाठी आम्ही त्या माळा करून वाळवतो. माळ टांगायला उठले तर सगळी ओसरी गरकन फिरली. शॉनाने धरून बसवलं आणि पट्टा लावला. एकदा फुगवला, दोनदा फुगवला, दुसऱ्या हाताला लावला.

"माझंच चुकतंय," ती म्हणाली. "डेल्मर, इकडे ये, हात दे."

डेल्मरचं बीपी बरोबर आलं.

"पट्टा ठीक आहे. तुमचंच बीपी खूप खाली गेलंय, मॅमॉ. काय घेताय तुम्ही?"

"काय घेणार? थायरॉइडची, नेहमीची. या खेपेला गुलाबी दिलीय एवढंच. कंपन्या बदलतात ते रंग."

ती आतून बाटली घेऊन आली, वाचली आणि पायरीवर बसलीच.

"ही बीपी उतरवायची गोळी आहे. मागच्याच आठवड्यात आम्हाला शिकवली."

"मला कुठे बीपी आहे?"

"तेच तर."

"बाटलीवर नाव माझंच आहे की गं."

"नाव तुमचं आहे. जन्म तुमचा नाही."

डेल्मरचं तोंड उतरलं. आमच्या ओढ्यावर नावं घरातल्या घरात फिरतात. आजीचं नातीला, आत्याचं भाचीला. ओर्लीना स्लोन त्या वेळी दोन होत्या, तिसरी टेकडीवरच्या दफनभूमीत होती. माझा गेलेला नवरा कार्ल, म्हणून मी कार्लची ओर्लीना, आणि ओढ्याच्या वरच्या टोकाला राहणारी ती वरची ओर्लीना, माझ्या नवऱ्याची चुलतबहीण. लोकांना कधी घोटाळा झाला नाही, कारण लोक आम्हाला ओळखायचे. नव्या पोरीला कोण कार्लची आणि कोण वरची, काय ठाऊक?

शॉनाने घरच्या लँडलाइनवरून डॉक्टरांना फोन लावला. ती गोळी बंद करा, पाणी पाजा, उद्या घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवते तोच ती म्हणाली, "आणि तुमच्या गोळ्या कुणाकडे आहेत?"

वरच्या ओर्लीनाचा फोन कुणी उचलेना. शॉना गाडी घेऊन निघाली. मला घरी राहा म्हणाली, मी ऐकलं नाही.

वरची ओर्लीना कोंबड्यांना दाणे टाकत होती. चेहरा लालबुंद.

"या, बसा," ती म्हणाली. "आठवडाभर छाती नुसती धडधडतेय. मला वाटलं, या वयात प्रेमात पडले की काय. आजूबाजूचे सगळे म्हातारे तपासले, एकही त्या लायकीचा सापडला नाही."

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," शॉना म्हणाली.

वरची ओर्लीना तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे. "हिला काय झालंय?"

"सांग की," मी म्हणाले. "नंतर रागाव."

"ओर्लीना जेन स्लोन. तुझ्या लग्नात मोठा केक मी केला होता, ते विसरलीस का?"

"आणि जन्मतारीख?"

तिने सांगितली. शॉनाने बाटली तिच्यासमोर धरली. "ही गोळी तुमची आहे. तुम्ही मॅमॉची खाताय." मग बीपी घेतलं आणि तिला थेट गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. वरची ओर्लीना वाटभर म्हणत होती, "कोंबड्यांचा दरवाजा उघडा राहिला." दवाखान्यातल्यांनी तिला रात्रभर ठेवून घेतलं. आणखी चार दिवस गेले असते तर बरं नव्हतं, म्हणाले.

परत येताना शॉना म्हणाली, "मला वाटायचं त्या शहरातल्या बाईला माणसं कळत नाहीत."

"तू मला विचार," मी म्हणाले. "लाजायचं ते मी लाजेन."

तिसरी परीक्षा लायब्ररीच्या मागच्या खोलीत झाली. वांडाने दाराला खुर्ची लावून ठेवली, कुणी आत येऊ नये म्हणून. पडद्यावर मिसेस ओस्ट्रँडर दिसल्या. वाटल्या होत्या तशा कडक नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. रोग्याने काही सुचवायचं नाही, त्यांनी मला बजावलं. डेल्मर बाहेर गाडीत बसला होता. घरी खोकी अजून माळ्याच्या शिडीजवळच होती.

शॉनाने हात धुतले. माझ्यासमोर बसली. "घेवडा कसा आलाय यंदा?" म्हणाली आणि हात पट्ट्याकडे गेला. हात तिथेच थांबला, मग तिने तो माझ्या हातावर ठेवला.

"तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगता?"

"ओर्लीना मे स्लोन," मी म्हणाले. तारीख सांगितली. माझं पूर्ण नाव मी शेवटचं कधी उच्चारलं होतं, मला आठवेना. लग्न झाल्यापासून मी कार्लची, मग डेल्मरची आई, मग मॅमॉ.

"वरच्या नव्हेत ना?" शॉनाने विचारलं. हे काही पुस्तकात नव्हतं.

"वरची असते तर एवढी गप्प बसले असते का?"

मिसेस ओस्ट्रँडरनी काहीतरी खाली लिहिलं. मग बीपी झालं, सगळं झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "पास. मिसेस स्लोन, वरच्या म्हणजे कोण, ते मात्र मला सांगा." शॉनाने सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

खोकी डेल्मरने त्याच संध्याकाळी परत माळ्यावर टाकली. तो शाळेची बस चालवू लागला, अजून चालवतो. चुलतभावाने त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली. मिसेस ओस्ट्रँडर निवृत्त झाल्या. नाताळला त्यांचं कार्ड येतं, पाकिटावर माझं पूर्ण नाव असतं. औषधाच्या दुकानातली पोरगी लग्न करून ओहायोला गेली; आम्ही राहिलो, तेवढी तीच गेली. वांडा गेल्या वर्षी वारली. लायब्ररीचं आवार अजून गाड्यांनी भरतं.

शॉना २०१३ साली नर्स झाली आणि घरोघर जाऊन रोगी बघू लागली. दारात पाय ठेवला की आधी बसते, बागेची चौकशी करते आणि मग नाव विचारते. सुरुवातीला लोक रागावले, दोघांनी तर कुत्रं सोडलं. आता ती दिसली की तिने बसायच्या आतच नाव सांगून मोकळे होतात. वरची ओर्लीना पुढे सहा वर्षं जगली आणि स्वतःच्या अंथरुणात गेली. शेवटच्या दिवशीही शॉनाने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "लिही, तीच ती, कोंबड्यांची."

ओढ्यावर मी एकटीच ओर्लीना उरले होते. गेल्या शरदात माझ्या नातीला मुलगी झाली. नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नकोच. शॉनाने पाळण्यात वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं. आता पुन्हा विचारत बसा."