बारा हाका

दिवसभर दुसऱ्यांची बाळं बघून आत्या इतकी शिणायची, की घरी गेल्यावर तिला कुणाचंच तोंड बघावंसं वाटत नसे. बाळांच्या मेंदूची वाढ कशी होते याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत ती चौदा वर्षं व्हिडिओ तपासत होती. काम ऐकायला गमतीचं, करायला जीव काढणारं. बाळ आईच्या मांडीवर बसतं, कधी डावीकडून, कधी उजवीकडून त्याच्या नावाने हाक येते. अशा बारा हाका. हाक आली की पडद्याच्या कोपऱ्यात दिवा लागतो. बाळाने मान वळवली तर एक बटण, नाही तर दुसरं. आवाज बंद ठेवायचा आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. पडद्यावरच्या बाळांशी ती गप्पा मारी, म्हणून सगळे तिला आत्या म्हणत. खरी आत्या ती एकाचीच होती, धाकट्या भावाच्या अकरा महिन्यांच्या गुंड्याची.

ओळखीचं बाळ समोर आलं की व्हिडिओ बाजूला ठेवून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायचं, असा नियम होता. तीन आठवड्यांपूर्वी गुंड्या पडद्यावर आला. नियम आठवला, पण एवढ्याशा गोष्टीसाठी उठून मॅडमच्या खोलीपर्यंत कोण जाणार? तिने तो व्हिडिओ तपासून टाकला. मधेच काहीतरी खटकलं. दमणूक असेल, म्हणून तिने ते तिथेच सोडून दिलं.

दर पाचवा व्हिडिओ दुसरा माणूस, ज्याला सगळे चष्मिश म्हणत, पुन्हा तपासायचा. आज मॅडमनी तिला बोलावलं.

"आत्या, तुमच्यात आणि चष्मिशमध्ये कधी एकाहून जास्त फरक पडला नाही. या बाळाला त्याने बारापैकी तीन दिलेत, तुम्ही नऊ. बरं नाही का?"

"परत बघते."

तिने परत पाहिलं. दिवा लागला, गुंड्या आपल्या मोज्याकडे बघत राहिला. पुन्हा दिवा, पुन्हा मोजा. पापणी जरा हलली तरी तिने मान वळली म्हणून बटण दाबलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक हसून म्हणतात. तिला हसू आलं नाही. मुद्दाम खोटं लिहिलं असतं तर स्वतःला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. तिच्या डोळ्यांना खरोखरच तसं दिसलं होतं, आणि चौदा वर्षं ती याच डोळ्यांची भाकरी खात आली होती.

"माझ्या भावाचा आहे," ती म्हणाली.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "यावरून निदान करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ऐकूच येत नसेल, वाढीत काही अडचण असेल, किंवा काहीच नसेलही. पण वाट बघू नका. अभ्यासातून हा व्हिडिओ मी काढून टाकते. घरी तुम्हीच सांगा."

संध्याकाळी ती थेट भावाकडे गेली. गुंड्या जमिनीवर डबे आपटत होता. चप्पल काढायच्या आधीच ती बोलली, कारण बसली असती तर पुन्हा मूग गिळले असते.

"याला उद्याच डॉक्टरांकडे न्या. आधी कान तपासा, मग बाकीचं. हा हाकेला वळत नाही. मला तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं."

भाऊ उठून उभा राहिला. भावजयीने मात्र हातातला टॉवेल हळूच खाली ठेवला.

"ताई, मला दोन महिन्यांपासून दिसतंय ते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मुलं आपापल्या वेळेने शिकतात. म्हणून तर त्याला तुमच्या प्रयोगशाळेत आणला. म्हटलं, ताईंच्या नजरेतून सुटणार नाही, काही असलं तर त्या सांगतीलच. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

आत्या उंबऱ्यातच उभी होती.

"डॉक्टरांची वेळ घेतली होती मी," भावजय म्हणाली. "तुमच्या भरवशावर रद्द केली."