आमच्या घरचे साचे

आता 'आमच्या' या शब्दात वावगं काय आहे, तुम्हीच सांगा! पण त्या एका शब्दाने धाकटीच्या जिवाला घोर लावला.

धाकटी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या दोघी जावांमधली धाकटी. थोरलीने कोटाचे साचे कागदावर आखायचे आणि हिने ते कॉम्प्युटरवर चढवायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. मग दुकानाच्या चाव्यांवरून वाजलं आणि थोरली वेगळी राहायला गेली. दोन वर्षं बोलणं बंद. धाकटी मात्र ऑनलाइन लिलावाच्या साइटवर त्या साच्यांच्या फाइली विकत राहिली.

त्या दिवशी सव्वादोनला साइटकडून मेल आला. डिजिटल वस्तू जो बनवतो त्यानेच लिलावात मांडायची, हा त्यांचा नियम. 'आपण "आमच्या घरचे साचे" असे लिहिले आहे. आमच्या म्हणजे कोणाकोणाच्या? सर्वांची लेखी संमती आज पाच वाजेपर्यंत पाठवा, अन्यथा आपले खाते कायमचे बंद होईल.'

आठ वर्षांचं खातं! गिऱ्हाइकं सगळी तिथलीच. खातं गेलं की दुकानाला टाळंच.

"आई, 'मी एकटीने बनवले' असं लिही आणि मोकळी हो," लेक म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

तिने लिहिलंही. पण बटण दाबायला बोट धजेना. खांद्याजवळची ती गोलाई, जिच्यामुळे बाही ओढत नाही, ती थोरलीच्या हातची. खोटं तरी किती बोलायचं माणसाने! साडेचारपर्यंत तिने नुसत्या येरझाऱ्या घातल्या. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. शेवटी मनाचा हिय्या केला.

"ताई, मी बोलतेय." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "बघा ना, मी काही तुम्हाला विसरले नव्हते. 'आमच्या' असंच लिहिलं होतं."

थोरली म्हणाली, "'आमच्या'त मी आहे हे तुला माहीत, मला माहीत. विकत घेणारीला कसं कळायचं गं?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. इतके दिवस तिला त्या शब्दाचं केवढं कौतुक होतं!

"आधी माझं नाव घाल. मग सही देते."

पण एकदा बोली लागली की लिलावाचं पान बदलता येत नाही, हाही नियमच. लिलाव मागे घ्यायचा आणि नव्याने मांडायचा, एवढाच मार्ग.

"आई, चौदा जणींनी बोली लावलीय!" लेक ओरडली. "आणि काकूने ऐन वेळी सही नाही दिली तर? बोल्याही गेल्या आणि खातंही!"

पाचला वीस मिनिटं कमी. तिने लिलाव मागे घेतला, नवं पान उघडलं, दोन्ही नावं टाइप केली आणि फोनवर वाचून दाखवली.

"बारीक अक्षरात तर नाही ना टाकलंस?"

"नाही हो ताई. माझ्याएवढंच आहे."

"मग पाठव संमतीचा कागद, करते सही." थोरली म्हणाली. "दोन वर्षं झाली गं. मला फोन कर, हे तुला त्या साइटवाल्यांनी सांगायची वेळ यावी?"

धाकटी फोन कानाशी धरून रडत राहिली, आणि कागद लेकीनेच काकूला पाठवून, सही होऊन येताच पाचच्या आत साइटला पाठवून दिला.