होडीतली एकच जागा

इंद्रनील शनिवारी दुपारी घरी येतो म्हणाला, तेव्हाच दमयंतीने ठरवून टाकलं की याला चहा मिळेल, बिस्किट मिळणार नाही.

हा माणूस तिला मुळीच सहन व्हायचा नाही. क्राइस्टचर्चला शिकायला आला तेव्हा रिकार्टनच्या इंडियन दुकानात तांदळाची पोती लावायचा, तेव्हा बरा होता बिचारा. मग त्याला कुठूनसा शोध लागला की इथल्या उंच्यापुऱ्या पोरापोरींना अमेरिकेतली विद्यापीठं खेळासाठी फुकट शिकवतात, आणि मध्ये उभं राहणाऱ्याच्याही हाताला काहीतरी लागतं. झालं! पोती सुटली, अंगावर ब्लेझर चढला आणि कार्डावर 'स्पोर्ट्स कन्सल्टंट' आलं. दमयंती त्याला दलाल म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावर.

तोंडावर बोलणं हा तिचा धर्मच होता म्हणा ना. हॉस्पिटलात ती फार्मासिस्ट. भल्याभल्या सर्जननी चुकीचं औषध लिहिलं तर वॉर्डात सगळ्यांदेखत सांगायची. मंडळाच्या गणपतीत सुनीतीच्या मोदकांना "सारण छान आहे गं, पारी मात्र चामड्याची झालीय" म्हणाली आणि तेव्हापासूनचा अबोला अजून चालू होता, पण शब्द काही मागे घेतला नाही. पोटात एक आणि ओठात एक हे तिला जमायचंच नाही. "तुझ्या तोंडाला झाकण नाही," असं नवरा, धैर्यशील, म्हणायचा. "नाहीच मुळी," ती म्हणायची, आणि त्याचा तिला अभिमान होता.

धैर्यशील साताऱ्याकडचा, दारातून वाकून आत येणारा. लेक ऋग्वेदा त्याच्यावर गेलेली. शाळेत असतानाच तिला होडीवाल्यांनी उचललं आणि हानाबरोबर बसवलं. हाना म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारी, लाल केसांची, सतत भुकेली पोर. दोघींची एक होडी, प्रत्येकीच्या हातात एकच वल्हं. एकीने जरा जास्त ओढलं की होडी वाकडी जाते, त्यामुळे अशा जोडीत भांडून चालत नाही. एव्हन नदीवर कर्स रीचला पहाटे अंधारात दोघी सराव करायच्या आणि उजाडल्यावर दमयंतीच्या स्वयंपाकघरात येऊन थालीपिठं हाणायच्या. हाना तर आता दही मागताना "दही" असंच म्हणायची, आणि ऋग्वेदाला "रिग".

शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोघींना पदक मिळालं आणि अमेरिकेहून फोन सुरू झाले. पहिला आला ऋग्वेदाला, एका मोठ्या विद्यापीठाचा. टोपी घातलेली एक कोचबाई स्क्रीनवर आली, गोड गोड बोलली. सगळी फी माफ, राहणं-जेवण त्यांचं. ऋग्वेदाने होकार दिला. इथेच डनिडनला हेल्थ सायन्सला मिळालेली जागा सोडून दिली. दमयंतीने मंडळात पेढे वाटले.

आणि मग महिन्याभरात दुसऱ्या विद्यापीठाचा कोच आला. लहान गाव, पण माणूस सरळ वाटत होता. ऋग्वेदा म्हणाली, "आई, आय जस्ट वाँट टू टॉक टू हिम."

"अजिबात नाही," दमयंती म्हणाली. "एकदा सुपारी फुटली की दुसरं स्थळ बघायचं नाही. शब्द दिलाय ना आपण? मग विषय संपला."

पोरगी धुसफुसली, पण आईच्या समोर बसून तिने नकाराची ईमेल लिहिली. खाली एक ओळ दमयंतीनेच लिहायला लावली: मी येऊ शकत नाही, पण माझी मैत्रीण हाना तितकीच चांगली आहे, तिला विचारा. त्यांनी हानाला विचारलं, घेतलंही. सहीचा कागद पुढे येईल, पण जागा तुझी, असं कोच म्हणाला. हानाची आई पिशवीभर फिजोआ, आपल्या झाडाची हिरवी पेरूसारखी फळं, घेऊन आली आणि दारातच दमयंतीच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी दमयंतीला वाटलं, संस्कार संस्कार म्हणतात ते हेच.

फेब्रुवारीत पहिल्या विद्यापीठाची ईमेल आली. होड्यांचा संघ बंद. सॉरी, बेस्ट ऑफ लक.

का, तर म्हणे कॉन्फरन्स बदलली. दमयंतीने रात्रंदिवस वाचून ते प्रकरण समजून घेतलं आणि समजल्यावर तिचं डोकं जास्तच फिरलं. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची टोळी. आपापसात सामने खेळायचे आणि ते टीव्हीला विकायचे. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्यांशी खेळून झाल्यावर एक दिवस त्यांना टांग मारली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, जास्त पैसेवाल्या टोळीत जाऊन बसले. आता फुटबॉलच्या पोरांना पैसे द्यायचे, ते आणायचे कुठून? मग होड्या विका, पोहण्याचा तलाव बंद करा, पोरींना घरी पाठवा. फुटबॉलच्या कोचचा पगार मात्र वाढला. "मेल्यांनी विद्यापीठ काढलंय की जत्रेतला तंबू?" असं ती धैर्यशीलला दिवसातून तीनदा विचारायची, आणि तो प्रत्येक वेळी "खरंय" म्हणायचा.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, तरी ऋग्वेदा हानाबरोबर रोज नदीवर जात राहिली आणि आईशी कामापुरतं बोलत राहिली.

तर असा हा एप्रिलचा शनिवार, आणि असा हा इंद्रनील सोफ्यावर.

"दमयंतीताई, गुड न्यूज आहे," तो म्हणाला.

"तुझ्या तोंडून? बरं, बोल."

"ऋग्वेदाला जागा मिळतेय. ऑगस्टमध्ये जायचं. सगळं फ्री."

दमयंतीचा हात कपावरच थांबला. खुर्चीत बसलेल्या ऋग्वेदाने मान खाली घातली. धैर्यशील "वा!" म्हणाला आणि बायकोकडे बघून गप्प झाला.

"कुठे?"

इंद्रनीलने विद्यापीठाचं नाव सांगितलं. हानाचंच विद्यापीठ.

"अगं बाई! म्हणजे दोघी एकत्र?"

"नाही ना, ताई." त्याने चहाचा घोट घेतला. "तेही आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये चाललेत. संघात किती मुली ठेवायच्या यावर मर्यादा आलीय. इकडून एकच घेणार. कोचला कोणीतरी ऋग्वेदाच्या वल्ह्याच्या मशीनवरच्या नव्या वेळा पाठवल्या. मला वाटलं तुम्हीच."

"मी नाही पाठवल्या. मी कशाला पाठवू?"

"असो. त्याने मला फोन केला. ऋग्वेदा फास्टर आहे. हानाचा कागद काही झालेला नाही. सोमवारी तिला कळवतील."

क्षणभर दमयंतीला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने कप खाली आपटला.

"म्हणजे त्या पोरीला हाकलून माझ्या पोरीला घेणार? आणि हे तू माझ्या घरात बसून, माझा चहा पीत सांगतोयस?"

"ताई, सगळे असंच करतात. तुमच्याशीही त्या पहिल्या विद्यापीठाने तेच केलं ना? हे काही लग्न नाहीये. हा बाजार आहे."

"बाजार? अरे, बाजारात मेथीवाली एकदा पिशवीत टाकलेली जुडी परत ओढून दुसऱ्याला देत नाही! तिलाही लाज असते. तुला दिसते का कुठे ती? तांदळाची पोती उचलत होतास तेव्हा माणूस होतास रे तू. ऊठ. कप ठेव आणि चालू पड. त्या कोचला सांग, आम्ही दुसऱ्याच्या ताटातलं ओढून खात नाही."

"दमा, जरा हळू..." धैर्यशील म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!"

इंद्रनील उठला नाही. त्याने ऋग्वेदाकडे बघितलं, आणि दमयंतीनेही वळून तिच्याकडे पाहिलं.

"आय सेड येस, आई," ऋग्वेदा म्हणाली. "सकाळी. आय साइन्ड."

इंद्रनीलने कप हलकेच ठेवला, "मी निघतो" म्हणाला आणि निघालाही. दाराशी त्याला बूट घालता घालता घाम फुटला होता. धैर्यशील त्याला पोचवण्याच्या निमित्ताने बाहेर गेला तो बाहेरच राहिला.

"लाज नाही वाटत?" दमयंतीने लेकीला विचारलं. "तुझ्या होडीत बसते ती! आपल्या घरात जेवते!"

"ती माझी जागा होती." पोरगी एरवी इंग्रजीशिवाय बोलायची नाही, पण आज मोडक्यातोडक्या मराठीत अडखळत बोलत होती, आईला एकही शब्द चुकवता येऊ नये म्हणून. "मला पहिलं विचारलं होतं त्यांनी. तू नाही म्हणायला लावलंस. तू हानाचं नाव लिहायला लावलंस. शब्द, शब्द, शब्द! माझा शब्द मी ठेवला, आणि काय मिळालं मला? तू पेढे वाटले. मी काय वाटू?"

"अगं, पण ते चूक होते म्हणून आपणही..."

"तू म्हण मग. फोन कर आणि म्हण, ऋग्वेदाला नको. मी इथेच राहते, फार्मसी असिस्टंट होते. करतेस?"

फोन टेबलावर पडला होता. दमयंतीने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला होता, कोणावर ते तिला सांगता आलं नसतं. या पोरीला पहाटे पहाटे थंडीत नदीवर सोडून गाडीत हीटर लावून बसलेली ती होती. पोरीच्या हाताला फोड आले तेव्हा मलम लावणारी तीच, आणि फेब्रुवारीपासून बंद दाराआड पोरगी रडते ते भिंतीला कान लावून ऐकणारीही तीच. तिने फोन उचलला नाही.

"करतेस?" ऋग्वेदाने पुन्हा विचारलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दुपारच्या सरावाला न्यायला हाना आली होती. ऋग्वेदा उठली, तोंड धुवायला वर गेली आणि दार लावून घेतलं.

"किया ओरा, आँटी!" हाना नेहमीसारखी मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात आली. पायात रबरी चपला, हातात कागदी पिशवी. "मॉमने पाठवलेत. या वर्षी झाडाला ढीगभर लागलेत." पिशवीतून फिजोआचा गोडसर वास आला. हानाने ओट्यावरच्या डब्याचं झाकण उघडून बघितलं, दुपारची उरलेली बटाट्याची भाजी बोटाने चाखली आणि दमयंतीच्या चेहऱ्याकडे पाहून थबकली. "आर यू ओके?"

"कांदा," दमयंती म्हणाली. ओट्यावर कांदा कुठेच नव्हता.

हानाने जिन्याकडे एक नजर टाकली आणि जवळ सरकली. तिचं इंग्रजी कुजबुजतानाही भरभर पळायचं. "आँटी, एक सांगू? रिगला सांगू नका. मला तिच्याशिवाय जायचंच नाहीये, इट सक्स. म्हणून मी कोचला लिहिलं. तिच्या सगळ्या नव्या वेळा पाठवल्या. लिहिलं की ती माझ्यापेक्षा फास्ट आहे, प्लीज तिलाही घ्या. अजून उत्तर नाही आलं. पण येईल, हो ना? तिच्या वेळा बघून कोण नाही म्हणेल?"

दमयंतीने तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. पळ गं पोरी, आत्ताच्या आत्ता फोन लाव त्या माणसाला, भांड, ओरड, तुझ्याच हाताने तुझी जागा चाललीय. सोमवारपर्यंत वेळ आहे. उभ्या आयुष्यात तिने यापेक्षा कितीतरी लहान गोष्टी चारचौघांत सांगितल्या होत्या. मोदकाच्या पारीबद्दल सांगितलं होतं.

वर नळ सुरू होता. तो बंद झाला. जिन्यावर ऋग्वेदाची पावलं वाजली.

"खाऊन जा काहीतरी," दमयंती म्हणाली. तिने पोळी घेतली, त्यात भाजी भरली, गुंडाळी केली, मग अजून एक केली. दोन्ही हानाच्या हातात दिल्या. हानाने लगेच घास घेतला.

"प्रॉमिस, आँटी? यू वोन्ट टेल?"

"नाही सांगत, बाळा," दमयंती म्हणाली. "प्रॉमिस."

ऋग्वेदा खाली आली. तिने आईकडे बघितलं, हानाच्या भरलेल्या गालांकडे बघितलं आणि बूट घालायला लागली. दोघी गाडीत बसल्या. हानाने निघताना काच खाली करून हात हलवला. दमयंतीनेही हलवला. मग ती आत आली, फिजोआ धुतले आणि चटणीसाठी कापायला बसली.

सोमवारी हानाला ईमेल आली. तोपर्यंत दमयंतीने कोणालाही काही सांगितलं नाही. दिलेला शब्द तिने पाळला.