थांबलेले हात

"तोंडाकडे बघायचं नाही. तोंड खोटं बोलतं. हात बघायचे, सगळ्यांचे, सारखे." आखाड्यातल्या मास्तरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा तिच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि बाईंची मूठ अजून वळलेलीच होती.

बारा वर्षं तिने तो धडा पाळला. काचकारखान्यात मालकांची टाइपबाई म्हणून लागली तेव्हाही. टाइप करायला ती तिथे आलीच नव्हती. मालकांच्या ताईंनी तिला आणलं होतं ते भावाचा जीव राखायला, कारण कारखाना बळकावण्यासाठी चुलतभावाने मालकांवर दोनदा मारेकरी घातले होते. पण मालकांना हे कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्या वडिलांना वडिलांच्याच अंगरक्षकाने गोळी घातली होती. तेव्हापासून असल्या माणसाची सावलीही त्यांना उंबऱ्याच्या आत चालत नसे.

"दोनच बोटांनी टाइप करता," मालक म्हणत. "बाकीची आठ रजेवर आहेत का?"

"ती अडीअडचणीसाठी राखून ठेवलीत."

एका दुपारी त्यांनी तिला भट्टीपाशी नेलं, लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन नळी तिला दिली आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवले. "नळी फिरवत राहायची. हात थांबला की काच लोंबते." हात थांबलाच. बटाट्यासारखा वेडावाकडा गोळा तयार झाला, आणि मालकांनी तो आपल्या टेबलावर मिरवायला ठेवला.

"तुम्ही काहीतरी लपवताय," त्या दिवशी ते म्हणाले. "मी खोदून विचारणार नाही. पण कळायचं ते तुमच्या तोंडून कळू दे. दुसऱ्याकडून कळलं तर मला सोसणार नाही."

"सांगेन," तिने शब्द दिला. मग रोज ते उद्यावर ढकललं.

त्या सकाळी तिसऱ्या भट्टीच्या घरघराटात मालक एकदम वळले. "तुम्हाला लग्नाचं विचारायचं होतं. असं ओरडून विचारावं लागेल असं वाटलं नव्हतं."

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एका श्वासापुरतंच.

नजर खाली आली तेव्हा एक कारागीर चार पावलांवर होता. हातात नळी, टोकाला मुठीएवढी लाल काच. आणि हात थांबलेले. काच लोंबून फरशीवर टपटप गळत होती.

तिने मालकांना धक्का दिला. गळ्यावर येणारं टोक त्यांच्या खांद्यात रुतलं. सदरा पेटला, मांस चरचरलं. पडताना त्यांचं डोकं लोखंडी बाकावर आपटलं आणि ते निपचित झाले. तिने नळी धरली ती नेमकी तापलेल्या बाजूला. तळव्याची कातडी लोखंडाला चिकटली, तरी तिने सोडली नाही. टाच त्याच्या गुडघ्यावर हाणली. गुडघा उलटा वाकला. कोसळता कोसळता त्याने डाव्या हाताने चाकू काढून तिच्या बरगडीखाली खुपसला. ती त्याच्यावर पडली. त्याचा कोपर तिने बाकाच्या कडेवर आपटला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि चाकू सुटला. त्याने तिच्या कानाला कडकडून चावा घेतला. मग नळी तिने आडवी त्याच्या गळ्यावर ठेवली आणि सगळा भार टाकला.

तो फरशीवर हात आपटू लागला. सोड, असं सांगत होता. तेव्हा सोडता आलं असतं. शेजारी मालकांच्या खांद्यातून धूर निघत होता, आणि तिने सोडलं नाही.

मालकांच्या अंगावर पाण्याची बादली ओतून मुकादम तिच्याजवळ वाकले. "बाई, झालं. सोडा आता. तो केव्हाच गेला."

तिने हातांकडे बघितलं. त्याचे थांबले होते. तिचे अजून दाबत होते.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात खालच्या मजल्यावर तिच्या दोन्ही हातांचं ड्रेसिंग बदलून झालं, तेव्हा ताई खुर्ची ओढून बसल्या.

"पोलिसांचं वकील बघताहेत. आणि माझ्या भावाला त्या सकाळचं काही आठवत नाहीये. मुकादमांनी वाचवलं असं सांगितलंय मी. कामगारही गप्प बसतील." त्यांनी आवाज खाली आणला. "तू टाइपबाईच राहा गं. शुद्धीवर आल्यापासून तुझंच नाव घेतोय. लग्नाचं विचारणार आहे म्हणे."

"विचारून झालंय त्यांचं."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"ताई, त्या माणसाला मी या हातांनी मारलं. गरज संपल्यावरही मारत राहिले."

"माझा भाऊ जिवंत आहे, मला तेवढं पुरे. पण त्याला कळलं ना, तर तुला दारात उभी करणार नाही तो."

"माहीत आहे."

"मग मी सांगते हवं तर, जरा सावरून."

"नको. माझ्याच तोंडून कळायचं ठरलंय."

ताईंनी पिशवीतून काचेचा तो वेडावाकडा गोळा काढला. मालकांनी कारखान्यातून मागवला होता. तिने तो दोन्ही बँडेजांमध्ये सांभाळून धरला. बरगडीतली कळ दाबत ती उठली, आणि मालक होते त्या वरच्या मजल्याच्या पायऱ्या एकेक करून चढू लागली.