जपानी हाताची ऊब

निंबर्ग्यात बसवण्णाच्या देवळापुढं गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. आळंदच्या बाजूनं बैलगाड्या येत, आसपासच्या खेड्यांतली माणसं पायी येत. कुणाची कंबर धरलेली, कुणाची अर्धशिशी, कुणाची सून बाळंतपणापासून अंथरुणाला खिळलेली. ओट्यावर पिवळा रेशमी झगा घालून रामकिशन डोळे मिटून बसलेला असे. झग्याच्या बाह्या एवढ्या रुंद, की एकेकीत तान्हं पोर मावावं. दोन्ही हात त्या बाह्यांत खुपसून, पोटाशी धरून तो बसे. बराच वेळ काहीच होत नसे. उदबत्त्यांचा धूर मात्र असा, की पुढची माणसं खोकून बेजार होत. मग एकदम तो हात बाहेर काढी आणि रोग्याच्या अंगावर ठेवी.

पौषाची थंडी. सगळ्यांची बोटं गारठलेली आणि बाबाचे तळवे मात्र तव्यावरच्या भाकरीसारखे ऊन!

"आगं बाई, चटका बसायलाय की!" म्हातारी चंद्रम्मा गुडघा धरून ओरडली. "कळ गेली बघा माझी!"

"ही माझी शक्ती न्हाई, आज्जी," रामकिशन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ही जपानची हाय. तिकडं एका डोंगरावर एक साधुपुरुष उपास करून बसला. जीव जायच्या बेताला आला, तवा वरून तेज आलं आणि त्याच्या टाळूतून आत शिरलं. त्याला म्हंत्यात रेकी. रे म्हंजे न दिसणारी, की म्हंजे शक्ती. त्याच्या चेल्यानं ती माझ्या हातात सोडली."

न दिसणारी आहे तर सोडताना तुला कशी दिसली रे, असं कुणी विचारलं नाही.

रामकिशनचे नियमही होते. आजच्यापुरतं रागावू नका, आजच्यापुरती काळजी करू नका. बोल चांगलेच होते. पण त्यांना त्यानं आपल्या पदरचं एक शेपूट जोडलं होतं: "आणि संशय घेऊ नगा. संशय आला की शक्ती तुटती. सुई-सुरी लागली की पळून जाती."

पहिल्या रांगेत बसलेल्या राजूबाईचे डोळे हे ऐकताना भरून येत. रामकिशन तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यातून नुकता बाहेर आला होता. राजूबाईनं त्याला कडेवर वागवला, लग्न होऊन निंबर्ग्याला आली तेव्हा बरोबर आणला. मिसरूड फुटल्यावर तो न सांगता मुंबईला पळाला. त्याचा पत्ता लागावा म्हणून तिनं किती उपास केले, ते तिलाच ठाऊक. आणि आता तो जपानहून असा सिद्ध होऊन आलेला. निजामाच्या राज्यातल्या या कोपऱ्यात जपान म्हणजे काय, तर जत्रेत मिळणारी किल्लीची खेळणी. अशी खेळणी करणाऱ्या देशात माणसं बरी करण्याची कळही असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या थोड्या आधीची ही गोष्ट.

त्याच थंडीत तुरीची काढणी चालू असताना राजूबाईच्या नवऱ्याच्या, अंकुशरावांच्या, तळपायात कापलेल्या तुरीचा टोकदार सड घुसला. त्यांनी तो उपसून टाकला, वर हळद दाबली आणि कामाला लागले. दोन-चार दिवसांत पाय भोपळ्यासारखा सुजला.

"आळंदला डॉक्टर अच्युतरावांकडं जाऊ," अंकुशराव म्हणाले.

"दाजी, घरात गंगा असताना डबक्याला कामून जायलाव?" रामकिशन हसला. त्यानं पाय मांडीवर घेतला, तळवे ठेवले. ऊब लागली. अंकुशरावांना त्या रात्री झोप आली.

राजूबाईनं कडाकडा बोटं मोडून भावाची दृष्ट काढली.

पण सूज उतरेना. ताप चढला. जखमेला वास येऊ लागला. अंकुशराव पुन्हा दवाखान्याचं नाव काढत, तेव्हा राजूबाईच त्यांना गप्प करी. "अवं, संशय घेऊ नगा. तो माझा भाऊ हाय, परका न्हाई." रामकिशन रोज येई, हात ठेवी, कांजी पिऊन जाई. मग एके दिवशी तो आलाच नाही. आणि त्याच दिवशी राजूबाईला पायाची दोन बोटं काळी पडलेली दिसली.

तिनं कुणाला विचारलं नाही. शेजारच्या जगदेवप्पाची गाडी जुंपायला लावली, नवऱ्याला कडब्यावर निजवलं आणि आळंद गाठलं.

गाडी दवाखान्यापुढं थांबवून ती आत धावली आणि दारातच थबकली. समोरच्या बाकावर रामकिशन बसला होता. अंगरखा छातीपर्यंत वर धरलेला. बेंबीच्या बाजूला तळहाताएवढा भाजल्याचा डाग, फोड फुटून लाल झालेला. अच्युतराव त्यावर मलम लावत होते आणि जपानी सिद्धपुरुष "आई गं, हळू हळू" करत कण्हत होता.

"पोटाशी शेगडी बांधून हिंडल्यावर दुसरं काय होणार?" डॉक्टर म्हणाले. "निदान झाकण तरी घट्ट लावायचं."

टेबलावर एक चपटी पत्र्याची डबी पडली होती. तंबाखूच्या डबीपेक्षा थोडी मोठी, झाकणाला बारीक भोकं, वर मखमलीची पिशवी. आत कोळशाच्या भुकटीची जळून राख झालेली कांडी.

"ही काय हाय, डॉक्टरसाहेब?" राजूबाईनं विचारलं.

बाई कोण हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, "जपानातली माणसं थंडीत ही कपड्यात ठेवतात. कांडी पेटवून आत घालायची, ती धुमसत राहते. ऊब दिवसभर पुरते."

रामकिशननं मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. "अक्का..."

"रामू," राजूबाई म्हणाली, "सोताच्या पोटावर हात कामून न्हाई ठेवलास?"

त्यानं अंगरखा खाली ओढला.

"जपानला गेलतास ना तू?"

"न्हाई, अक्का. मुंबईतच व्हतो. एका जपानी सौदागराच्या घरी भांडी घासायलो. डबी त्याचीच. झगा त्याच्या बायकोचा."

"आणि ती रेकी?"

"तो खरंच करायचा. बायको दुखण्यात पडली की तिच्या डोक्यावर हात ठेवून बसायचा."

"मग ती बरी व्हायची?"

रामकिशननं जमिनीकडं पाहिलं. "हात ठेवायचा, आणि डॉक्टरला बी बोलवायचा."

तो परका सौदागर आपल्या बायकोसाठी डॉक्टर आणत होता. आणि राजूबाईच्या हातचं जेवून वाढलेल्या भावानं तेवढी अर्धी गोष्ट गिळून टाकली होती. तिच्या कुंकवासमोर बसून.

"गाडीत तुझे दाजी हायत," ती एवढंच म्हणाली. "बोटं काळी पडल्यात."

डॉक्टर तिला ओलांडून बाहेर धावले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. "आधी आणलं असतं तर पू काढून, जखम धुऊन बहुतेक पाय राखता आला असता. आता सोलापूरला न्या. आत्ताच्या आत्ता. पाय जाईल, पण माणूस वाचेल." तोवर मागच्या दारानं रामकिशन पसार झाला होता. डबी टेबलावरच राहिली होती. राजूबाईनं ती उचलून कनवटीला लावली.

सोलापुरात अंकुशरावांचा पाय गुडघ्याखाली कापला.

फाल्गुनात नवरा-बायको निंबर्ग्याला परतली, तर देवळापुढं गर्दी तशीच! आणि रामकिशन ओट्यावर बसून डोळे पुसत होता.

"माझ्या सख्ख्या बहिणीनं संशय घेतला," तो सांगत होता. "दाजींच्या पायाला सुरी लावू दिली. शक्ती कोपली. तवापासून माझं हात गार पडलेत. आता नवस बोला, शक्तीला शांत करा!"

लोक राजूबाईकडं वळून बघू लागले. एका बाईनं लेकराला तिच्यापासून दूर ओढलं. नवरा पांगळा झाला, आणि वर गावाचा कोपही आपल्याच माथी! राजूबाई तडक घरी गेली. थोड्या वेळानं परत आली, ती दोन्ही हात पदराखाली धरून. ती थेट ओट्यापाशी गेली.

"चंद्रम्मा आज्जी, गुडघा पुढं करा."

तिनं तळवे ठेवले.

"व्हय गं बाई! तसाच चटका!" चंद्रम्मा किंचाळली. "शक्ती तुझ्यात आली की!"

एकच गलका झाला. चनमल्लप्पा सावकार भर गर्दीतून पुढं आला आणि राजूबाईच्या पायावर डोकं ठेवायला वाकला. मागून आणखी चौघं. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. गादी तिचीच झाली असती.

"पाया पडू नगा!" ती ओरडली. "बघा! डोळं उघडून बघा!"

तिनं पदराखालची डबी काढली, मखमल सोडली, झाकण उघडलं. आत चुलीतला निखारा लाल होता. "ही शक्ती. धरा हातात. तुम्ही बी धरा. आता सगळेच महाराज झालाव."

डबी हातोहात फिरू लागली. कुणी फुंकर मारली, कुणी चटका बसून शिवी दिली. कुणीतरी खो खो हसलं, आणि मग बरेच जण ओशाळून खाली बघू लागले.

"पण मला बरं वाटलं व्हतं गं," चंद्रम्मा हिरमुसून म्हणाली.

"वाटणारच, आज्जी. शेकल्यावर दुखरा गुडघा हलका व्हतोच. वीट तापवून फडक्यात गुंडाळा, तशीच कळ जाईल. कुणी मायेनं हात ठेवला तर जिवाला बरं बी वाटतं. पण त्येनं पू जात न्हाई. सडलेलं मांस जोडत न्हाई. माझ्या घरात चला, मालकांचा पाय दावते."

रामकिशन ओट्यावरून उतरून तिच्या पायाशी आला. "अक्का, तू मला वाढवलंस. माफ कर."

राजूबाईनं पाय मागं घेतले.

"वाढवलं म्हणूनच घात झाला," ती म्हणाली. "दुसरा कुणी आला असता तर मी चार सवाल केले असते. कुठं शिकलास, कुणाला बरं केलंस, मग डॉक्टरला कामून भितोस. तुला एक बी केला न्हाई. जा आता. हितं ऱ्हाऊ नगंस."

तो गेला. पुढं उमरग्याकडं दिसला म्हणतात, कुठं हमाली करतो म्हणतात. राजूबाईनं चौकशी केली नाही. अंकुशराव कुबडी घेऊन शेतावर जायला शिकले. घरात रामकिशनचा विषय निघाला की तेच म्हणत, "पोरगं वाईट नव्हतं," आणि राजूबाई उठून आत जाई.

मित्रांनो, आजाऱ्याच्या कपाळावर हात जरूर ठेवा. त्याला धीर लागतो. पण त्याच हातानं गाडीही जुंपा. आणि कुणी सांगू लागला की संशय घेऊ नका, तर तिथंच पहिला प्रश्न विचारा. सांगणारा परका असेल तर विचाराच. आपला असेल, लाडका असेल, तर आधी विचारा. खरं असेल ते प्रश्नानं विझत नाही.